आधी एकसष्टवाले

परवा रात्री दोनच्या सुमारास, नदीपात्रात घोटाभर पाण्यात माझी गाडी अडवून एका कानटोपीवाल्या गृहस्थांनी मला विचारलं, "पानशेतच्या पुरात तुमचं काय काय गेलं?" माझं काहीच गेलेलं नव्हतं. म्हणून मला थांबवण्यात आलं. पाण्यातून मी बाहेर आलो आहे, पण त्या प्रश्नातून अजून नाही.

प्रसंग पेठेत नेहमीचाच. आमची इमारत वाडा पाडून उभी राहिली तेव्हा खाली दुकानं निघाली आणि उरलेल्या जागेला पार्किंग म्हणायचं ठरलं. तिथे स्कूटरसुद्धा तिरकी लावावी लागते. त्यामुळे चारचाकी नदीपात्रात. पावसाळा सोडला तर मुठा ही आमच्यासाठी नदी नाहीच, वाहनतळ आहे. पण खडकवासल्यातून पाणी सोडलं की पोलिसांची गाडी भोंगा लावून फिरते आणि अख्खी शनिवार पेठ बर्मुडा-बनियनवर किल्ल्या शोधायला लागते.

इथे खडकवासल्याबद्दल थोडं बोलतो, कारण माझा त्याच्यावर जुना राग आहे. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला ही आपली चार धरणं. त्यात खडकवासला सगळ्यात लहान, जेमतेम २ टीएमसीचं, आणि वरच्या तिघांचं पाणी येणार त्याच्याच अंगावर. म्हणजे एकत्र कुटुंबात सगळ्यांचं ऐकून घेणारी धाकटी सून असते, तसं ते धरण आहे. ते लवकर भरतं हे मान्य. पण ते नेहमी रात्रीच का भरतं? दुपारी चारला, माणूस चहा पिऊन तरतरीत असताना, त्याने दरवाजे उघडल्याचं मला आठवत नाही.

तर, पात्रातून वर यायला चिंचोळा चढ. खाली गाड्यांची रांग. आणि चढाच्या बरोब्बर मध्यावर हे गृहस्थ. कानटोपी, अंगात रेनकोट, रेनकोटावर उघडी छत्री, आणि हातात लांब दांड्याची जुनी बॅटरी, जिचा झोत त्यांनी थेट माझ्या डोळ्यांत सोडला होता. "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत ते एकेक गाडी वर घेत होते. हे काम त्यांना कोणी दिलं, ते कोणीच विचारलं नव्हतं. पुण्यात छत्री आणि बॅटरी असलेल्या माणसाला कोणी अधिकार विचारत नाही.

माझा नंबर आला. मी गिअर टाकला. त्यांनी तळहात दाखवला.

"किती सोडलंय?"

"काय?"

"पाणी हो. किती क्युसेक्स?"

"कल्पना नाही. जरा बाजूला होता का?"

"कल्पना नाही!" ते मागच्या गाडीकडे बघत म्हणाले. "नदीकाठी राहतात आणि कल्पना नाही!"

मग ते माझ्या खिडकीशी आले. काच खाली करायची खूण केली. मी केली, छत्रीच्या काडीवरून पाण्याची धार माझ्या मांडीवर सुरू झाली.

"एकसष्टला कुठे होतात?"

"माझा जन्म नव्हता."

"घरचे?"

"साताऱ्याला."

"अच्छा," ते म्हणाले. डॉक्टरला अखेर निदान सापडावं तशा समाधानाने. "मग जरा थांबा. मागे ते निळ्या गाडीवाले आहेत, त्यांचा वाडा गेलाय एकसष्टला. आधी त्यांना जाऊ दे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण निळी गाडी खरंच माझ्या बाजूने, माझा आरसा घासत, वर गेली. पाठोपाठ एक पांढरी. ("यांची आजी दोन दिवस माळ्यावर होती.") मग एक रिक्षा. रिक्षावाल्याचं काय गेलं होतं विचारलं, तर "काही नाही, पण जुना आहे," असं उत्तर मिळालं.

इकडे पाणी चाकाच्या अर्ध्यावर आलं होतं.

"अहो, इंजिनात पाणी जाईल!"

"ह्याला पाणी म्हणतात?" त्यांनी बॅटरी नदीकडे फिरवली, जणू ती काही अपुरा माल घेऊन आली होती. "१२ जुलै १९६१. सकाळी पानशेत फुटलं. मातीचं धरण, काम अपुरं, पहिल्याच पावसाळ्यात पाणी भरलेलं. रात्रभर जवान वाळूची पोती टाकत होते म्हणून निदान उजाडलं तरी. नाहीतर आपण झोपेत गेलो असतो. मग खडकवासलाही गेलं. इथे, ह्या इथे, दुसऱ्या मजल्याला पाणी. लक्षात घ्या, १७६१ ला पानिपत, १९६१ ला पानशेत. बरोबर दोनशे वर्षं."

हा हिशेब पुण्यात प्रत्येकजण स्वतःला आत्ताच सुचल्यासारखा सांगतो. मीही पाहुण्यांना सांगतो. पण चाकं बुडत असताना तो ऐकवत नाही.

"तुम्ही पाहिलंत सगळं?" मी विचारलं. मला वाटलं खूश होतील आणि सरकतील.

"म्हणजे काय! स्वतःच्या डोळ्यांनी."

"वय काय होतं तेव्हा?"

"चार महिने. पण आईच्या कडेवर होतो, तोंड नदीकडे होतं."

यावर काय बोलणार? मी शेवटचा पत्ता टाकला. "हे बघा, माझी बायको एकसष्टची आहे."

त्यांनी बॅटरी माझ्या तोंडावर मारली. "दिसत नाही तुमच्याकडे बघून."

"तसं नाही हो! तिचं माहेर. इथलंच. पुरात घर गेलं होतं त्यांचं."

"असं होय." आवाज एकदम मऊ झाला. "मग त्या चालवतायत का गाडी?"

नेमकी तेव्हाच बायको छत्री घेऊन खाली आली, मला इतका वेळ का लागतोय हे विचारायला. गृहस्थांनी तिला माहेरचं आडनाव विचारलं. तिने सांगितलं. पुढे जे झालं ते मी भर पावसात खिडकी उघडी ठेवून ऐकलं.

"म्हणजे नेने घाटाजवळचे? ते आजोबा शिंप्याच्या दुकानाच्या पत्र्यावर रात्र काढलेले?"

"ते माझे चुलत आजोबा. पुढे गोखलेनगरला गेले."

"मी बघितलंय त्यांना पत्र्यावर!" चार महिन्यांचं बाळ म्हणालं. "या ताई, या. तुम्ही बसा आत. आणि तुम्ही" (हे मला) "उतरा जरा."

मी उतरलो. बायको बसली. "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे मारा, वा!" करत गाडी वर गेली. मी मागून चिखलातून तिची छत्री धरून चालत. ती छत्री बायकांची, फुलाफुलांची आणि घडीची आहे, हेही इथे नोंदवून ठेवतो.

गंमत म्हणून सांगतोय, पण माझं डोकं दुसऱ्याच गोष्टीने फिरतं. एकसष्टला धरण फुटलं होतं. आता धरण शाबूत असतं, नुसते दरवाजे उघडतात, आणि तरी लोकांच्या घरात पाणी शिरतं. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याच्या सोसायट्यांत रात्रीत पाणी भरलं ते कुठलं धरण फुटून नाही. पात्रात वर्षानुवर्षं राडारोडा पडतो, काठ आत सरकतो, निळी आणि लाल पूररेषा नकाशावर आखलेल्या राहतात. उन्हाळ्यात जलपर्णी, तिच्यात डास, आणि वास असा की ओंकारेश्वराच्या दर्शनाला गेलेला माणूस नदीकडे पाठ करूनच नमस्कार करतो. पहिल्या बाजीरावाच्या काळातलं ते देऊळ. तेव्हा लोक इथे आंघोळ करत. आज कोणी पाय बुडवला तर आधी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागेल.

आणि ज्यांना "अय्या, तुम्ही शनिवारवाड्याजवळ राहता!" म्हणून भरून येतं, त्यांनी माझ्या मित्राच्या घरी जाऊन यावं. त्याचा वाडा स्मारकापासून १०० मीटरच्या आत. केंद्राच्या कायद्याने तिथे नवं बांधकाम बंद. म्हणजे पाडून बांधता येत नाही. माडीला लाकडी टेकू दिलेत आणि जिन्यावरून एका वेळी एकानेच चढायचं असा घरचा नियम आहे. दारात मात्र रविवारी सकाळी हेरिटेज वॉकवाले उभे असतात, दिंडीदरवाजाचे फोटो काढत. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ ला झाला, त्याची "काका मला वाचवा" ही हाक अमावास्येला ऐकू येते की पौर्णिमेला, असं त्याला विचारतात. तो सांगतो, आमच्याकडे रोज डीजे ऐकू येतो, त्यातून वाचवायला कोणी काका असेल तर बघा.

असो. गाडी वर आली तर खरी, पण लावायची कुठे? केळकर रस्त्यावर एका बंद दुकानासमोर लावली. सकाळी नऊला चाकाला जॅमर. पूर होता, पात्रातून काढा असं तुम्हीच सांगितलंत, वगैरे मी बोलून पाहिलं. "तिथून काढा सांगितलं होतं साहेब, इथे लावा कोणी सांगितलं?" यात तर्काची चूक मला अजून सापडलेली नाही. पावती फाडली.

त्या गृहस्थांकडे गाडी नाही, हे मला दुसऱ्या दिवशी वाण्याकडून कळलं. कधीच नव्हती. स्कूटरसुद्धा नाही. भोंगा वाजला की ते आपलं बॅटरी घेऊन खाली जातात.

आज संध्याकाळी ते भाजीवालीपाशी भेटले. मला ओलांडून बायकोला म्हणाले, "ताई, रात्री पुन्हा वाढवणार आहेत. साडेनऊला काढून ठेवा गाडी. आणि तुम्हीच या, ह्यांना पाठवू नका."