मुलांना कळत नाही म्हणे!

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी लाईक ठोकून पुढे जावं, राग नाही.

दुपारी आम्ही चौघं जमलो होतो. जमलो की जे होतं तेच झालं, सगळ्यात भारी ॲनिमेशनपट कुठला यावरून जुंपली. एकाची गाडी 'लायन किंग'च्या पुढे सरकत नाही. दुसरी घिब्ली या जपानी ॲनिमेशन स्टुडिओची भक्त, तिच्यासमोर 'स्पिरिटेड अवे' सोडून कशाचं नाव काढायची सोय नाही. तिसरा 'टॉय स्टोरी'वाला, आणि १९९५ चा तो सिनेमा पूर्णपणे कॉम्प्युटरवर केलेला पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा होता हे तो दर वेळी आम्हाला नव्याने सांगतो. मी 'पिनोकिओ'वाली. १९४० चा. हसा, सवय आहे मला.

इथपर्यंत मजाच होती. मग 'टॉय स्टोरी'वाल्याने मोबाईल काढून नुकत्याच केलेल्या ट्रिपचे फोटो दाखवले. मोठं थीम पार्क आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. किल्ल्याच्या भिंतीचे पोपडे निघालेले. रांगेतल्या कठड्याचा रंग हात लागून लागून उडालेला, खालचं लोखंड गंजलेलं. कारंज्यात पाण्याचा पत्ता नाही. मी म्हटलं, "अरे, एवढे पैसे मोजून हे बघून आलास?" तर साहेब म्हणतात, "जाऊ दे गं, मुलांना काय कळतंय! राईडमध्ये बसायला मिळालं की खूश."

हे कोण बोलतंय, तर जो दहा मिनिटांपूर्वी 'टॉय स्टोरी'तल्या वुडी या खेळण्यातल्या काउबॉयच्या शर्टावरच्या चौकटींवर प्रवचन देत होता तो!

मुलांना काय कळतं ते मला विचारा. भाचीला घेऊन मी अशाच एका पार्कात गेले होते (त्याचंही नाव नको). अंधारातली बोटीची राईड. दोन्ही काठांवर गाणारे प्राणी, आणि बोट समोर आली की प्रत्येक जण हात हलवणार. भाची तेव्हा पाच वर्षांची. ती एकेकाला टाटा करत होती, ससा, घुबड, बेडकांची अख्खी रांग. मग आलं अस्वल. त्याचा जबडा वरखाली होत होता, पण गाण्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. उजवा हात खांद्यापासून नुसता लोंबत होता. कोपरावरचं केसाळ कापड फाटून आतली सळई दिसत होती. हिने टाटा केला. थांबली. परत केला. बोट पुढे गेली तरी ही मान मागे वळवून त्याच्याकडेच बघत बसली. त्यानंतर मोठी उतरण होती, जिच्यासाठी लोक तासन्‌तास रांग लावतात. तिच्या लेखी ती झालीच नाही.

तर, कळतं.

आणि आपण ज्या सिनेमांवरून एकमेकांचे गळे धरतो ते सगळे, मुलाला सगळं दिसतं हे धरून चालणाऱ्या माणसांनीच केलेत. 'पिनोकिओ'मध्ये सकाळची घंटा वाजते, कबुतरं उडतात आणि कॅमेरा छपरांवरून गल्लीबोळांत उतरत जातो. त्यासाठी काचांवर रंगवलेले थर एकामागे एक लावून मल्टिप्लेन कॅमेऱ्याने ते गाव उभं केलं. युद्धामुळे युरोपचा बाजार बंद झाला आणि पहिल्या फेरीत हा सिनेमा बुडाला, पण म्हणून त्यातलं एक छप्पर कमी रंगवलेलं सापडणार नाही. त्याआधी १९३७ च्या 'स्नो व्हाइट'मध्ये इंक अँड पेंट विभागातल्या बायकांनी तिच्या गालांवर लाली चढवली, तीसुद्धा चित्रामागून चित्र. 'लायन किंग'मधली ती प्राण्यांची चेंगराचेंगरी आठवा. धावणारी जनावरं एकमेकांत घुसू नयेत म्हणून वेगळा प्रोग्रॅम लिहावा लागला होता. 'स्पिरिटेड अवे'त चिहिरो ड्रॅगनच्या तोंडात औषध कोंबते, त्यासाठी घिब्लीची माणसं कुत्र्याचा जबडा नीट बघायला प्राण्यांच्या डॉक्टरकडे गेली होती. कुणासाठी एवढा उपद्व्याप? मुलांना तर काही कळत नाही ना?

वॉल्ट डिस्नेला पार्क का काढावंसं वाटलं, हे तो स्वतः सांगायचा. सिनेमा एकदा हातावेगळा झाला की संपला, त्यात नंतर काही खटकलं तरी हात लावता येत नाही. त्याला असं काहीतरी हवं होतं जे वाढत राहील, जे रोज सुधारता येईल. १७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियात अनाहाइमला डिस्नेलँड उघडलं ते या हौसेतून. छानच. पण रोज सुधारता येतं ते रोज झिजतंही, त्याचं काय? 'पिनोकिओ' आज लावला तरी त्यातल्या जिमिनी क्रिकेट या नाकतोड्याचा हात लोंबत नाही. पार्कातलं अस्वल मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत हात वर, हात खाली करतं, तेही पाण्याच्या शेजारी, दमट हवेत. रबराची कातडी फाटते ती नेमकी जिथे सांधा वाकतो तिथे. फाटणारच. म्हणून तर पार्क बंद झाल्यावर रात्रपाळीची माणसं आत शिरतात, कापडं शिवतात, सांध्यांना तेलपाणी करतात, रंगाचे हात मारतात. ॲनिमेटरने जे काम एकदा केलं ते यांना रोज रात्री करावं लागतं. त्यांना ऑस्कर नाही, पडद्यावर नाव नाही, आणि काटकसरीची टूम निघाली की पहिली कात्री त्यांच्यावर.

आता 'लायन किंग'वाला म्हणेल की जुन्या काळाचे गोडवे गाऊ नकोस. बरं, नाही गात. डिस्नेलँडच्या पहिल्याच दिवशी फजिती झाली होती. ताज्या डांबरात बायकांच्या टाचा रुतल्या, आणि प्लंबरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ की संडास यातलं एकच वेळेत होणार होतं, तेव्हा संडास निवडले. मान्य. पण ती घाई होती. आज दिसतो तो आळस आहे.

आळस म्हटलं की यती आठवतो. फ्लोरिडात डिस्नेच्या ॲनिमल किंगडम पार्कात २००६ साली 'एक्स्पीडिशन एव्हरेस्ट' नावाची राईड उघडली. शेवटी अंधारात एक अवाढव्य यती तुमच्या अंगावर झेप घेतो. घ्यायचा, असं लिहायला हवं. थोड्याच काळात त्याची हालचाल बंद झाली, आणि तेव्हापासून तो जागच्या जागी उभा आहे. तो हलतोय असं वाटावं म्हणून त्याच्यावर दिवे उघडझाप करतात. चाहत्यांनी त्याचं नाव 'डिस्को यती' ठेवलं. ही राईड ज्याने घडवली त्या जो रोडीने २०१३ मध्ये जाहीर सांगितलं होतं की यतीला मी दुरुस्त करणार. रोडी निवृत्त झाला. दिवे चालूच आहेत.

आणि आपण काय केलं? 'डिस्को यती'चे टी-शर्ट घातले.

याचाच मला संताप येतो. सिनेमात एका जागी रंग चुकला तर आपण पॉज करून गोल काढून दाखवतो. पार्कात अख्खा राक्षस बंद पडला तर त्याला टोपणनाव देऊन लाडात घेतो. डिस्नेलँडच्या टुमॉरोलँडमध्ये पीपलमूव्हर नावाची उंच रुळांवरची राईड १९९५ ला बंद झाली, त्याच रुळांवर १९९८ ला रॉकेट रॉड्स ही वेगवान राईड आणली, तीही २००० मध्ये गुंडाळली. रूळ अजून डोक्यावरून तसेच गेलेत, रिकामे. भविष्यकाळ दाखवणाऱ्या विभागाच्या माथ्यावर! आणि लोक त्याखाली उभे राहून 'किती नॉस्टॅल्जिक ना' म्हणत सेल्फी काढतात.

पोपडे, कापड, दिवे हे वरवरचं आहे, असं कुणी म्हणेल. वरवरचंच आहे. पण वरचं दिसत असूनही कुणी हात लावत नसेल, तर आतले बोल्ट कोण बघतंय? ५ सप्टेंबर २००३ ला डिस्नेलँडमध्ये बिग थंडर माउंटनची गाडी रुळांवरून घसरली. एक तरुण मुलगा गेला, बाकीचे जखमी झाले. सरकारी चौकशीत कारण निघालं देखभालीतला हलगर्जीपणा. हे लिहितानासुद्धा माझे हात गार पडलेत. मुलांना काय कळतंय म्हणणाऱ्याने हे एकदा शांतपणे वाचावं आणि मग मला उत्तर द्यावं.

त्यानंतर काय झालं तेही सांगते, म्हणजे मी नुसती रडते असं वाटायला नको. २००५ ला डिस्नेलँडची पन्नाशी होती. नवा प्रमुख आला, पार्क खरवडून, रंगवून, दुरुस्त करून लखलखीत केलं. म्हणजे करता येतं. मनात आलं तर दोन वर्षांत करता येतं. त्यामुळे 'आता एवढं मोठं पार्क सांभाळणं शक्य नाही' वगैरे मला कुणी ऐकवू नये.

परवडत नाही म्हणावं, तर तेही नाही. १९५५ ला आत शिरायला एक डॉलर होता, राईडची तिकिटं वेगळी. २०२४ मध्ये डिस्नेलँडचं गर्दीच्या दिवसाचं एका दिवसाचं तिकीट २०६ डॉलरवर गेलं. १९९९ पासून रांग टाळायचा फास्टपास फुकट होता, २०२१ मध्ये त्याच्या जागी पैसे मोजून रांग टाळायची सोय आली. 'पिनोकिओ'तलं प्लेझर आयलंड निदान फुकट तरी होतं. पोरांची गाढवं करायचे, पण तिकीट लावत नव्हते!

हां, २०२० चं मला कळतं. पार्कं बंद पडली, डिस्नेने पार्क विभागातल्या २८,००० लोकांना कमी करणार असं जाहीर केलं. इतकी माणसं गेली की अनुभवही गेला, कुठली सळई कुठे अडकते हे माहीत असलेले हात गेले. ते एका रात्रीत परत येत नाहीत. आणि आणखी एक, हे लिहायचं माझ्या जिवावर आलंय: राईड डागडुजीसाठी बंद असल्याचा बोर्ड दिसला की सगळ्यात मोठ्ठी बोंब आपणच मारतो. बोटीच्या राईडचं पाणी उपसल्याशिवाय खालचं काही बघता येत नाही, त्याला आठवडे लागतात. आपल्याला मात्र आपल्या सुट्टीच्या दिवशी सगळं चालू हवं. झालं, कबूल केलं. पुढे.

आमची घिब्लीवाली मैत्रीण या सगळ्यात गालातल्या गालात हसत होती. "आमच्याकडे मोठ्या राईडच नाहीत," म्हणाली. खरं आहे. जपानच्या आयची प्रांतात १ नोव्हेंबर २०२२ ला घिब्ली पार्क उघडलं, त्यात रोलर कोस्टर वगैरे भानगडच नाही. 'माय नेबर टोटोरो' सिनेमातल्या सात्सुकी आणि मेई या बहिणींचं घर आहे, २००५ च्या एक्स्पो या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं, आणि तिथले खण उघडून आत काय ठेवलंय ते बघता येतं. कल्पना मला मनापासून आवडते. पण बाई, खण रोज हजार हातांनी उघडले की त्याचीही मूठ सैल होतेच. तुमची परीक्षाही होईल, थोडी थांब.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय, कारण त्या अस्वलाच्या राईडच्या शेवटी आमची बोट काठाला धरून उभा असलेला तिथला कर्मचारी मुलगा आठवला. विशीतला असेल. भाचीने त्याला थेट विचारलं, अस्वलाला काय झालंय? मी मनात म्हटलं, आता हा काहीतरी गोड थाप मारणार, झोपलंय वगैरे. त्याने खाली वाकून सांगितलं, "त्याचा हात बिघडलाय. आम्ही सगळ्यांनी कळवलंय." आणि माझ्याकडे बघून खांदे उडवले. त्याला लाज वाटत होती, जी वाटायला हवी ती तिसऱ्याच कुणाला तरी. सगळ्यात कमी पगाराचा माणूस सगळ्यात जास्त शरमलेला, हे मी तिथे समोर पाहिलं. त्यामुळे पार्कातल्या पोरांवर ओरडणाऱ्या पाहुण्यांची मला चीड येते. त्यांच्या हातात काय आहे? पाना तरी आहे का?

त्या रात्री भाचीने चित्र काढलं. ससा नाही, उतरण नाही. अस्वल. एक हात वर, एक खाली, आणि खालच्या हाताच्या कोपरावर करड्या रंगाची एक रेघ. सळई. तिला अस्वल कुठल्या सिनेमातलं होतं ते आजही सांगता येत नाही, पण सळईचा रंग बरोबर आठवत होता. 'टॉय स्टोरी'वाल्याला हे आज सांगितलं तर म्हणाला, "तुझी भाची वेगळी आहे गं." अजिबात नाही. वेगळी वगैरे काही नाही. चारचौघींसारखी आहे, फरशीवर लोळून आईस्क्रीम मागते. सगळी मुलं असंच बघतात. मोठ्यांनी बघणं सोडलंय.

तेव्हा माझी एकच मागणी आहे, आणि ती आपल्यासारख्या येड्या चाहत्यांकडेच आहे. नवी राईड जाहीर झाली की आपण नाचतो, त्यातली निम्मी ताकद जुनी का लोंबतेय हे विचारण्यात घालवा. बाहेर पडताना तक्रार लिहून द्या, कुठला प्राणी, कुठला हात, कुठल्या वळणावर, असं नेमकं लिहा. पोरावर ओरडू नका, ऑफिसला लिहा. मी लिहिलं होतं. उत्तर आलं, भेटीबद्दल आभार मानणारं आणि पुढच्या तिकिटावर सवलत देणारं. अस्वलाबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.

ती सवलत अजून पडून आहे. भाचीला परत जायचंय, अस्वल बरं झालंय का ते बघायला. बहीण म्हणते, काढून टाक तिकिटं. मी अजून काढलेली नाहीत.