थरथरणारा हात आणि ‘कमकुवत’ मन

‘हात थरथरणे म्हणजे एक तर पार्किन्सन, नाहीतर दारू, आणि दोन्ही नसेल तर कमकुवत मन, मन खंबीर करा, कंप थांबेल,’ असा एक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर घरोघरी फिरतो आहे. त्यातले एकही विधान टिकणारे नाही.

पार्किन्सनचा कंप बहुधा हात मांडीवर स्वस्थ असताना दिसतो. त्याहून कितीतरी अधिक आढळणाऱ्या इसेन्शियल ट्रेमर या कंपाच्या विकारात मात्र पेला उचलताना, लिहिताना, घास तोंडाशी नेताना हात कापतो, आणि तो अनेकदा घराण्यात चालत आलेला असतो. थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करू लागल्याने किंवा दम्याच्या काही औषधांनीही हात कापतात, त्यामुळे निदान न्यूरॉलॉजिस्टवर सोपवावे.

व्यसनी माणसाने दारू अचानक सोडली की हात थरथरतात, हे खरे. पण आयुष्यात थेंबही न घेतलेल्या माणसांना इसेन्शियल ट्रेमर होतो. उलट घोटभर दारूने अनेकांचा हा कंप थोडा वेळ शमतो आणि त्या आधाराचेच पुढे व्यसन जडण्याची भीती असते.

सर्वांत घातक आहे तो मनाचा मुद्दा. माझ्या आत्याने मुंबईच्या शाळेत आयुष्यभर फळ्यावर सुबक अक्षर काढले. निवृत्तीनंतर दादरच्या एका बँकेत तिची सही जुळेना, तेव्हा काउंटरमागून मोठ्याने विचारले गेले, ‘आजी, घाबरता कशाला?’ मागची रांग पाहू लागली आणि दुसरी सही पहिलीपेक्षा वाकडी आली. लोकांच्या नजरेने ॲड्रेनलिन वाढते आणि त्याने कंप वाढतो, पण इसेन्शियल ट्रेमरचा उगम लहान मेंदू आणि थॅलॅमस (मेंदूच्या आतला एक भाग) यांना जोडणाऱ्या मज्जामार्गांतल्या बिघाडात मानला जातो. भीतीने तो वाढतो म्हणून भीतीनेच तो झाला, हा तर्क चुकीचा आहे. त्या दिवसापासून आत्याने हळदीकुंकवाला जाणे सोडले, कारण तिथे सर्वांदेखत कप हातात धरावा लागतो. ज्याला लोक भित्रेपणा म्हणतात, तो असा अपमानातून येतो.

‘मन खंबीर करा’ या सल्ल्यापायी उपचार लांबतात, याचा मला खरोखर संताप येतो. प्रोप्रॅनोलॉल आणि प्रिमिडोन या जुन्या औषधांनी अनेकांचा कंप बराच कमी होतो. मात्र दमा असलेल्यांनी प्रोप्रॅनोलॉल टाळायचे असते, म्हणून कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. औषधे पुरी पडत नाहीत तेव्हा डीप ब्रेन स्टिम्युलेशनसारखी (मेंदूत बारीक तार बसवून सौम्य विद्युत स्पंद देणारी) शस्त्रक्रियाही उपलब्ध आहे.