विधेयकाच्या शेवटच्या पानांवर नागरिकाच्या हक्कांचा हिशेब का नसतो?

संसदेत मांडलेले कुठलेही सरकारी विधेयक उघडून त्याची शेवटची पाने पाहावीत. कलमे संपली की उद्देश व कारणे यांचे निवेदन येते. तिजोरीवर खर्च पडणार असेल, तर वित्तीय ज्ञापन जोडलेले असते. नियम करण्याचे अधिकार सरकारकडे सोपवले असतील, तर कोणत्या खंडाने (म्हणजे विधेयकातल्या कलमाने) कोणते अधिकार सोपवले हे सांगणारे वेगळे ज्ञापन असते. ही पाने मंत्र्यांच्या मर्जीवर सोडलेली नाहीत. लोकसभेच्या कार्यपद्धती नियमांनी ती सक्तीची केलेली आहेत. सार्वजनिक पैशातून किती जाणार हे मतदानापूर्वी खासदारापुढे लेखी आलेच पाहिजे, असा त्यामागचा विचार आहे आणि तो योग्यच आहे. मात्र त्याच विधेयकामुळे नागरिकाच्या बोलण्याच्या, फिरण्याच्या, खासगी आयुष्य जपण्याच्या किंवा अटकेपासून सुरक्षित राहण्याच्या हक्कातून किती जाणार, हे सांगणारे एकही पान त्याला जोडलेले नसते. ते पान असावे, आणि ते तपासणारी दोन्ही सभागृहांची एक कायमस्वरूपी समिती असावी, एवढे सांगण्यासाठी मी हे लिहीत आहे.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १३(२) नुसार, मूलभूत हक्क हिरावून घेणारा किंवा त्यांचा संकोच करणारा कोणताही कायदा राज्यसंस्थेने करू नये. हे वाक्य न्यायाधीशांना उद्देशून लिहिलेले नाही. कायदा करणाऱ्याला उद्देशून ‘करू नये’ असे ते बजावते. तरीही गेल्या सात दशकांत आपण ही जबाबदारी जवळपास पूर्णपणे न्यायालयांवर टाकून मोकळे झालो आहोत. विधेयक मांडायच्या वेळी एखादा सदस्य ‘हे घटनाविरोधी आहे’ असा आक्षेप घेतो, अध्यक्ष तो ऐकून घेतात आणि विधेयक घटनात्मक आहे की नाही याचा निर्णय अध्यक्षपीठ देत नाही, या जुन्या प्रथेनुसार प्रश्न सभागृहाच्या मतावर सोडतात. मग आवाजी मतदान होते आणि विधेयक मांडले जाते. आक्षेपाची नोंद कामकाजात राहते. त्याचे उत्तर लेखी देण्याचे बंधन मात्र कोणावरच नसते.

याची किंमत काय असते, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ ने दाखवून दिले आहे. ते कलम कायद्यात आणणारी दुरुस्ती लोकसभेने २२ डिसेंबर २००८ रोजी आणि राज्यसभेने दुसऱ्याच दिवशी मंजूर केली. मुंबईवरच्या हल्ल्याला जेमतेम महिना झाला होता, लोकसभेत गोंधळ सुरू होता आणि चर्चा अशी झालीच नाही. संगणकावरून किंवा मोबाइलवरून ‘अत्यंत आक्षेपार्ह’ मजकूर पाठवणे, अथवा खोटे आहे हे ठाऊक असलेली माहिती ‘त्रास’ किंवा ‘गैरसोय’ व्हावी म्हणून पाठवत राहणे, हा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल असा गुन्हा ठरला. ‘त्रास’ म्हणजे काय, ‘आक्षेपार्ह’ कोणाच्या दृष्टीने, याची व्याख्या कायद्यात कुठेच नव्हती. ती व्याख्या प्रत्यक्षात पोलीस ठाण्यातल्या अंमलदाराने करायची होती. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये कलम लागू झाले. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली. एकीने मुंबई बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या होत्या आणि दुसरीने त्या ओळींना ‘लाइक’ केले होते. बोटाच्या एका स्पर्शासाठी अटक होऊ शकते हे महाराष्ट्राने त्या दिवशी पाहिले. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती नरिमन यांच्या खंडपीठाने हे कलम पूर्णपणे रद्द केले.

हे निकालपत्र मी अनेकदा वाचले आहे आणि प्रत्येक वेळी त्यातल्या दोन जागी थांबतो. पहिली जागा ‘अत्यंत आक्षेपार्ह’ या शब्दांची आहे. हे शब्द ब्रिटिश कायद्यातही आहेत. तिथल्या एका प्रकरणात खालच्या न्यायालयांनी मजकूर अत्यंत आक्षेपार्ह नाही असे ठरवले आणि हाउस ऑफ लॉर्ड्सने तो तसा आहे असे ठरवले. कायद्यात मुरलेल्या माणसांचेच एकाच मजकुरावर एकमत होत नसेल, तर लिहिणाऱ्या नागरिकाने आपण गुन्हा करतो आहोत की नाही हे कसे ओळखायचे, असा न्यायालयाचा मुद्दा होता. दुसरी जागा सरकारी वकिलांच्या आश्वासनाची आहे. कायदा जबाबदारीने वापरला जाईल असे त्यांनी सांगितले. सरकारे येतात आणि जातात, कलम मात्र पुस्तकात राहते, आणि आजच्या सरकारचा शब्द उद्याच्या सरकारला बांधत नाही, असे न्यायालयाने त्यावर म्हटले. या दोन्ही गोष्टी कळण्यासाठी पालघरची अटक व्हावी लागली का? डिसेंबर २००८ मध्ये कोणीही शांतपणे बसून तो खंड वाचला असता, तर या दोन्ही शंका तेव्हाच विचारता आल्या असत्या. आणि निकालानेही सगळे संपले नाही. रद्द झालेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवणे सुरूच राहिले आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्याविरुद्ध पुन्हा आदेश काढावे लागले. चुकीचा कायदा एकदा ठाण्यांच्या सवयीत शिरला की तो निकालपत्राने लगेच निघत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ते विधेयक संसदेच्या माहिती तंत्रज्ञानविषयक स्थायी समितीकडे गेले होते आणि समितीने त्यावर अहवालही दिला होता. म्हणजे ‘समितीकडे पाठवा’ एवढी मागणी पुरेशी नाही. १९९३ मध्ये सुरू झालेल्या विभागवार स्थायी समित्या त्या त्या विषयाच्या असतात. दूरसंचाराचे काम पाहणारी समिती दूरसंचाराचे प्रश्न विचारते, बँकांचे काम पाहणारी बँकांचे. या खंडाने कोणता हक्क संकोचतो, तो तेवढा संकोचणे गरजेचे आहे का आणि त्याहून सौम्य उपाय होता का, हे विचारण्याची नेमून दिलेली जबाबदारी त्यांच्यापैकी कोणाचीच नसते. एखाद्या जागरूक सदस्याने विचारले तर विचारले.

आणि हे समितीपर्यंत पोहोचलेल्या विधेयकांचे झाले. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या आकडेवारीनुसार पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवर आले. समितीच्या बैठका बंद दाराआड होतात आणि तिथे पक्षादेश चालत नाही, त्यामुळे सभागृहात जे बोलता येत नाही ते सत्ताधारी पक्षाचा सदस्यही तिथे बोलू शकतो. ही जागा आक्रसत जाणे मला सर्वांत जास्त काळजीचे वाटते.

व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याचा प्रवास पाहिला की समितीने काय मिळते आणि ती टाळली की काय जाते, हे दोन्ही दिसते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. २०१९ चे विधेयक तीस सदस्यांच्या संयुक्त समितीकडे गेले. सरकारी यंत्रणांना कायद्यातून सूट देणाऱ्या खंडावर समितीत तीव्र मतभेद झाले, काही सदस्यांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या, आणि बहुमताच्या अहवालानेही अशी सूट देताना कार्यपद्धती न्याय्य, वाजवी आणि प्रमाणशीर असली पाहिजे, अशी भर सुचवली. ही भर मला अपुरी वाटत होती, तरी ती महत्त्वाची होती, कारण ‘प्रमाणशीर’ या एका शब्दाने सरकारला उद्या न्यायालयात उत्तर द्यावे लागले असते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ते विधेयक मागे घेतले गेले. वर्षभराने नवे विधेयक आले. ते कोणत्याही समितीकडे गेले नाही आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये काही दिवसांत दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. सरकारी यंत्रणांना सूट देण्याची तरतूद नव्या कायद्यातही आहे. संयुक्त समितीने सुचवलेले ते शब्द तिथे नाहीत. ते का गळाले, याचे लेखी कारण संसदेपुढे आलेच नाही, कारण तसे कारण मागणारा नियमच नाही. ६६अ मंजूर झाले तेव्हा एका आघाडीचे सरकार होते आणि हा कायदा झाला तेव्हा दुसऱ्या. म्हणून कृपया या पोस्टखाली पक्षांची भांडणे आणू नयेत.

इतर काही देशांनी हे पान विधेयकाला जोडून पाहिले आहे. ब्रिटनच्या १९९८ च्या मानवी हक्क कायद्याच्या कलम १९ नुसार मंत्र्याला विधेयकाबरोबर सांगावे लागते की आपल्या मते हे विधेयक हक्कांशी सुसंगत आहे, किंवा तसे आपण सांगू शकत नाही, तरी ते पुढे न्यायचे आहे. तिथल्या दोन्ही सभागृहांची मानवी हक्कांवरील संयुक्त समिती २००१ पासून ही विधेयके तपासते. ऑस्ट्रेलियाचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते, कारण तिथे राष्ट्रीय पातळीवर हक्कांची सनद नाही. तरीही तिथल्या सेनेटने १९८१ पासून विधेयक छाननी समिती चालवली आणि २०११ च्या कायद्याने सात आंतरराष्ट्रीय मानवी हक्क करारांच्या कसोटीवर प्रत्येक विधेयक तपासणारी संयुक्त समिती नेमली. ज्यांच्याकडे मूलभूत हक्कांचे प्रकरणच नाही त्यांनी हे केले. आपल्याकडे घटनेचा संपूर्ण तिसरा भाग असून आपण ते केलेले नाही.

या व्यवस्था निर्दोष नाहीत. ऑस्ट्रेलियात समितीचा अहवाल येण्याआधीच विधेयक मंजूर झाल्याचे प्रसंग वारंवार घडले आहेत. न्यूझीलंडमध्ये २०१० साली सर्व शिक्षा झालेल्या कैद्यांचा मताधिकार काढणारे विधेयक आले, तेव्हा खुद्द ॲटर्नी जनरलनी ते हक्कांच्या कायद्याशी विसंगत असल्याचे संसदेला लेखी कळवले. संसदेने तरीही ते मंजूर केले. पण तो अहवाल कागदावर होता. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने विसंगतीची घोषणा केली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली आणि २०२० मध्ये तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या कैद्यांचा मताधिकार परत आला. लेखी नोंद असली की चूक दुरुस्त करायला निघालेल्या माणसाला कुठून सुरुवात करायची ते कळते.

आपल्याकडे न्यायालय आहेच, मग ही वेगळी समिती कशाला, असे मला अनेकांनी विचारले आहे. न्यायालयासमोर प्रकरण येते ते बहुधा कोणाला तरी झळ बसल्यावर, आणि ते तिथवर नेण्याइतका पैसा, वकील आणि धीर असलेला माणूस मिळाल्यावर. शिवाय न्यायालय कायदा रद्द करू शकते. त्याच उद्देशासाठी अधिक चांगला खंड लिहून देणे हे त्याचे काम नाही, ते कायदेमंडळाचे आहे. छाननीने उशीर होईल, ही शंका मी गांभीर्याने घेतो. खरोखर तातडीचे विधेयक असेल तर समितीला दहा दिवसांची मुदत द्यावी, पण तातडी का आहे हेही लिहून घ्यावे. लोकांनी निवडलेल्या बहुमताला ही समिती अडवणार नाही, कारण तिला नकाराधिकार नसेल. तिचे काम प्रश्न विचारण्याचे आणि मंत्र्यांची उत्तरे पटलावर ठेवण्याचे असेल.

त्या पानावर काय असावे, हे ६६अ वरूनच ठरवता येईल. कोणत्या अनुच्छेदाखालचा हक्क संकोचतो? अनुच्छेद १९(१)(अ), भाषणस्वातंत्र्य. घटनेने परवानगी दिलेल्या कोणत्या कारणासाठी? इथेच मसुदा लिहिणाऱ्याचा हात थबकला असता, कारण अनुच्छेद १९(२) मध्ये सार्वजनिक सुव्यवस्था आहे, बदनामी आहे, सभ्यता आहे, पण ‘त्रास’ आणि ‘गैरसोय’ ही कारणे कुठेच नाहीत. सध्याच्या कायद्यांनी हे काम का भागत नाही? धमकी आणि बदनामी हे भारतीय दंड संहितेत आधीपासूनच गुन्हे होते. अटकेपूर्वी कोणाची परवानगी लागेल? याबद्दल कलमात काहीच नव्हते. एवढी चार उत्तरे लिहायला लागली असती, तरी तो खंड त्या स्वरूपात सभागृहापर्यंत पोहोचणे कठीण झाले असते, असे मला ठामपणे वाटते.

हे तत्त्व सरकारला अपरिचित नाही. २०१४ साली केंद्र सरकारनेच विधिपूर्व सल्लामसलतीचे धोरण ठरवले. मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवावा आणि त्यासोबत पर्यावरण, मूलभूत हक्क, बाधित लोकांचे जीवन आणि उपजीविका यांवरील परिणामांचा अंदाज द्यावा, असे त्यात लिहिलेले आहे. पण ते धोरण आहे, कायदा किंवा सभागृहाचा नियम नाही. त्यामुळे ते पाळले नाही म्हणून विधेयक अडत नाही. वित्तीय ज्ञापनाला जो दर्जा आहे तोच या परिणामपत्राला द्यायचा, तर घटनादुरुस्तीची गरज नाही. अनुच्छेद ११८ नुसार प्रत्येक सभागृह आपले नियम स्वतः करते आणि राज्यांच्या विधिमंडळांना तोच अधिकार अनुच्छेद २०८ ने दिला आहे. लोकसभेच्या नियम समितीकडे अशी सूचना कोणताही खासदार देऊ शकतो. मी माझ्या मतदारसंघाच्या खासदारांना याच आशयाचे पत्र पाठवले आहे आणि विधानसभेच्या नियमांसाठी तेच पत्र आमदारांनाही पाठवणार आहे. ज्यांना पटेल त्यांनी त्यातला मजकूर जसाच्या तसा वापरावा; तो पहिल्या प्रतिक्रियेत ठेवला आहे.