खुलासा : पीएचडीचा डिफेन्स नेहमी बंद दाराआडच होतो, हे खरे नाही

डिफेन्स म्हणजे पीएचडीच्या प्रबंधावरची तोंडी परीक्षा. ‘इंजिनिअरिंगचा पीएचडी डिफेन्स गोपनीय असतो, बाहेरच्यांनी जाऊ नये’ असा मजकूर फिरतो आहे. त्याची सुरुवात माझ्याच जुन्या पोस्टपासून झाली. ब्रिटनची पद्धत मी सगळीकडची म्हणून लिहिली. चूक माझी.

ब्रिटनमध्ये ही तोंडी परीक्षा सहसा बंद खोलीतच होते. पण अमेरिकेतल्या बऱ्याच इंजिनिअरिंग विभागांत पहिला भाग खुल्या सादरीकरणाचा असतो. त्याची सूचना आधी जाहीर होते, श्रोते प्रश्नही विचारतात. मग त्यांना बाहेर जायला सांगून परीक्षकांची समिती आपले प्रश्न विचारते आणि निर्णय घेते. स्वीडनमध्ये तर सगळी चर्चा जाहीर. नेमलेला विरोधी परीक्षक सर्वांसमोर प्रबंधाची कसून तपासणी करतो. भारतातही यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांत ही परीक्षा प्राध्यापक, संशोधक आणि विद्यार्थ्यांसाठी खुली ठेवली आहे. पोस्ट लिहिण्याआधी नियम वाचायला हवे होते, ते आता वाचले.

 

जुनी पोस्ट मी काढली आहे. तुमच्याकडे आली असेल तर कृपया पुढे पाठवू नका. त्या एका ओळीमुळे नवे विद्यार्थी सीनियरचा डिफेन्स ऐकायला गेले नसतील, याचे मला मनापासून वाईट वाटते.