अंजनगावजवळच्या 'ट्राम' आणि 'भुयारा'बद्दल खुलासा

"अंजनगावजवळ इंग्रजांच्या ट्रामचे रूळ सापडले, खालून गाविलगडापर्यंत भुयार जाते," असा मेसेज दोन-तीन फोटोंसह आपल्या ग्रुपवर फिरतोय. रविवारी मीही तो पुढे पाठवला. माझं चुकलं, मंडळी.

डांबरी रस्त्यातल्या रुळांचा फोटो मुंबईचा आहे. मागे फ्लोरा फाउंटन स्पष्ट दिसतं. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये सुरू झाली, १९०७ पासून विजेची आली आणि ३१ मार्च १९६४ ला ती बंद झाली. दादर टी.टी. मधलं टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. ते नाव अजून लोकांच्या तोंडी आहे.

दुसरा फोटो आपल्याकडचाच. पण ते रूळ आपल्या शकुंतला आगगाडीचे, मूर्तिजापूर-अचलपूर लाइनीचे. सोमवारी टेप घेऊन गेलो. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट भरलं. मुंबईच्या ट्रामचं चार फूट साडेआठ इंच होतं. शिवाय ट्रामच्या रुळाला खाच असते आणि तो रस्त्याशी सपाट बसवतात. हा तर भरावावर, गिट्टीत उभा आहे. वऱ्हाडातला कापूस याच गाडीनं मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनीपर्यंत जायचा.

आणि भुयार? ती भरावाखालची दगडी मोरी, पावसाचं पाणी जायला बांधलेली. वाकून शिरलो आणि सात-आठ पावलांत पलीकडच्या तुरीच्या वावरात निघालो.

कालपासून पोरं तिथं सब्बल घेऊन खणतायत. मोरीचा एक दगड निसटला तर कोणाचा जीव जाईल. कृपा करून तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.