'घाला एनसीसीत, चांगला सरळ होईल'

शाळा सुरू झाल्या की आठवीच्या मुलांची एनसीसीसाठी, म्हणजे राष्ट्रीय छात्र सेनेसाठी, निवड होते आणि दरवर्षी हे वाक्य कानावर येतं. आज त्यावर लिहितेच.

पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीच्या शिफारशींवरून १९४८ मध्ये कायदा झाला आणि एनसीसी उभी राहिली. पुढच्याच वर्षी मुलींचा विभाग निघाला. चीनच्या युद्धानंतर, १९६३ मध्ये, ती कॉलेजात सक्तीची केली. १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक झाली. जबरदस्तीने पोरगं मैदानात उभं राहील, पण स्वतःहून चार जणांची जबाबदारी घेणार नाही. आणि एनसीसीचं खरं काम तेच आहे.

परेडचंच बघा. पालकांना दिसतात ते पाय आपटणारे कॅडेट. मला बघावंसं वाटतं ते समोर उभ्या असलेल्या, हुकूम देणाऱ्या मुलीकडे. मराठी शाळेतली, वर्गात उत्तर देतानाही आवाज न फुटणारी ती मुलगी मैदानभर ऐकू जाईल असं 'परेड, सावधान' म्हणते. 'थम' कुठल्या पावलावर म्हणायचं हे तिला नेमकं कळावं लागतं. जरा इकडेतिकडे झालं की सगळ्या पथकाची पावलं चुकतात आणि चूक कुणाची ते लपत नाही. मग उस्ताद, म्हणजे कवायत शिकवणारे सैनिक, सांगतात, 'फिर से'. ती पुन्हा हुकूम देते. आपल्या शब्दावर इतरांचं चालणं अवलंबून आहे, हे तेराव्या-चौदाव्या वर्षी अंगात मुरतं, ते भाषण स्पर्धेत मुरत नाही.

दहा दिवसांच्या कॅम्पमध्ये तर हे जास्तच. कॉर्पोरल किंवा सार्जंट, म्हणजे कॅडेटांमधला छोटा हुद्देदार, झालेल्या मुलाला फॉलइनला, म्हणजे रांगेत जमायच्या वेळी, आपली सगळी पोरं आहेत का, कुणाला ताप आहे, कोण जेवलं नाही, घरच्या आठवणीने कोण रडतंय, हे माहीत असावं लागतं. हुद्द्याची फीत खांद्यावर येते ती या कामासाठी.

म्हणूनच २०२३ च्या पावसाळ्यात ठाण्यातल्या एका कॉलेजचा व्हिडिओ पाहून जीव तुटला. भर पावसात ओणव्या कॅडेटांना एक सीनियर काठीने मारत होता. त्यावर 'शिस्तीसाठी एवढं चालायचंच' म्हणणारे लोक भेटले, याचा मला जास्त संताप आला. नाही चालायचं! हाताखालच्या पोराला मारणाऱ्याला फीत मिळाली असेल, नेतृत्व त्याला समजलेलंच नाही.

सगळा भार असतो तो एएनओवर, म्हणजे असोसिएट एनसीसी ऑफिसरवर. हे आपल्याच शाळेतले शिक्षक. तास घ्यायचे, पेपर तपासायचे, वर परेड, कॅम्प, कागदपत्रं. २०२४ मध्ये कॅडेटांच्या जागा १७ लाखांवरून २० लाखांवर न्यायला मंजुरी मिळाली, माजी सैनिकांना प्रशिक्षक म्हणून घ्यायचंही ठरलं. आनंदच आहे. पण शाळांनी या शिक्षकांचे तास थोडे कमी करावेत, ही मागणी पालकसभेत आपणच लावून धरायला हवी.

कॉलेजातल्या एनसीसीच्या शेवटच्या, 'सी' सर्टिफिकेटवर, लेखी परीक्षा न देता, सैन्याधिकारी व्हायच्या मुलाखतीपर्यंत जाता येतं, हे खरंच मोलाचं आहे. तरी आठवीतल्या मुलाला त्यासाठी पाठवू नका. त्याला आधी विचारा, जायचंय का. आणि घरात बुजरी मुलगी असेल तर 'तिला नाही जमायचं' असं तिच्या वतीने ठरवून टाकू नका. निवडीच्या दिवशी तिला मैदानावर जाऊ द्या.