चार बांगडे

परवा रविवारी मालवणच्या दांडी किनाऱ्यावर एका आजोबांनी माझ्या पिशवीत चार बांगडे टाकले. विकत नव्हे, दया म्हणून. बांगडे ताजे होते, त्याबद्दल तक्रार नाही.

आधीचं थोडक्यात सांगतो. पंधरा वर्षं मी डीएसएलआर, म्हणजे आतमध्ये आरसा असलेला तो मोठा डिजिटल कॅमेरा, वाहिला. वापरला असं म्हणवत नाही. दोन कॅमेरे आणि लांबचं जवळ आणणारी सत्तर-दोनशेची ती दुधी भोपळ्याएवढी झूम लेन्स, एकटीच दीड किलोची. आधी मान धरली, मग खांदा. शेवटी सगळं विकून डिजिटल रेंजफाइंडर घेतला. कुठल्या कंपनीचा आणि केवढ्याला, ते लिहीत नाही. घरात हे वाचलं जातं.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी. डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेलं चित्र आरशावरून तुमच्या डोळ्यात येतं. त्या आरशाला जागा लागते, म्हणून तो कॅमेरा पोट सुटल्यासारखा दिसतो. रेंजफाइंडरला आरसा नाही. बघायची खिडकी लेन्सपासून वेगळी, वरच्या कोपऱ्यात. तिच्या मधोमध एक उजळ चौकोन असतो, त्यात समोरची वस्तू दोन दोन दिसते. लेन्सवरची रिंग फिरवत त्या दोन प्रतिमा एकमेकींवर बसवल्या की झाला फोकस. तोफांसाठी अंतरं मोजायचे तेही याच तत्त्वावर. लायका या जर्मन कंपनीचा एम३ हा रेंजफाइंडर आला १९५४ साली. एप्सनने २००४ मध्ये पहिला डिजिटल रेंजफाइंडर काढला, लायकाने २००६ मध्ये एम८. डिजिटल झालं ते फिल्मच्या जागेपुरतं. बाकी कारभार पणजोबांचाच.

या कॅमेऱ्याचं मोठेपण सांगताना सगळे जाणकार एकच सांगतात: तो कोणाच्या नजरेत येत नाही. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ तर आपल्या लायकाचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीने झाकायचा. पॅरिसात ते चालत असेल. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्याला कोणी "कोणाचो रे तू?" असं विचारत नाही. मालवणात कॅमेरा लपवता येतो हो, माणूस कुठे लपवणार?

तर, दांडीवर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरीने ओढायचं मोठं जाळं, ओढणं चाललं होतं. दोन्ही बाजूंना दोरीला माणसं लागलेली, पाय वाळूत रुतवून मागे मागे येणारी. वर घारी, खाली कुत्रे. मी मध्ये घुसून धडाधड फोटो काढत होतो. पूर्वी माझी भोपळ्याची लेन्स दिसली की लोक बाजूला व्हायचे. "पेपरवाले इलेत" म्हणायचे. एकदा तर एका हॉटेलवाल्याने चहाचे पैसे घेतले नव्हते. यंदा कोणी ढुंकून बघेना. अदृश्य व्हायला मीच पैसे मोजले होते, तरी वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

एवढ्यात दोरीच्या टोकाला बसलेले आजोबा म्हणाले, "रे झिला, तुजो मोठो कॅमेरो खंय?"

"इकलंय, आजोबा."

"इकलंस?" त्यांनी बिडी विझवली. "घरात काय अडचण?"

"अडचण नाय ओ. ह्यो जास्त म्हाग हा."

त्यांनी माझ्या हातातल्या साबणाच्या डबीएवढ्या वस्तूकडे बघितलं, मग माझ्याकडे. पोराला कोणीतरी गंडवलंय, हे त्यांचं तिथेच ठरलं.

"झूम हा मा ह्येका?"

"नाय."

"मगे लांबचा कसा काढतंस?"

"जवळ जातंय."

"म्हणजे चलूचा तूच." त्यांनी एक बोट मोडलं. "फोकस तरी आपोआप करता?"

"नाय, हातान करूचो लागता."

"तां पण तूच." दुसरं बोट. "मगे पैशे कंपनीन तुका देवचे, तू कंपनीक कित्याक दिलंस?"

याचं उत्तर माझ्याकडे अजूनही नाही. शेजारचा पोरगा फिदीफिदी हसला. अंगात तिरीमिरी येऊन मी कॅमेरा आजोबांच्या हातात दिला. म्हटलं, बघा तरी आतून. त्यांनी एक डोळा मिटून खिडकी डोळ्याला लावली.

"दोन होडये दिसतत."

"पुढची ती रिंग फिरवा, एक होता."

त्यांनी फिरवली. "झाली एक. ... परत दोन झाले." कॅमेरा खाली घेऊन म्हणाले, "मोतीबिंदूच्या ऑपरेशनाआधी माका ह्या फुकट दिसायचा."

आणि मग त्यांनी तो उलटा करून पुढून बघितला. मला वाटलं, काचेचं कौतुक करतील.

"रे, ह्येच्या तोंडार झाकान हा."

होतं. सकाळपासून होतं. डीएसएलआरमध्ये झाकण राहिलं तर काळोख दिसतो आणि गाढवालाही कळतं. इथे खिडकीच वेगळी, तिच्यातून जग स्वच्छ दिसत राहतं. शटरचा वेग मी हाताने ठरवून ठेवलेला, त्यामुळे आत काळोख असूनही ते रेंगाळलं नाही आणि आवाजानेही चुगली केली नाही. आणि मागचा पडदा? तो बंद होता. काढलेला फोटो लगेच बघायचा नाही, असा मी वसा घेतला होता. अस्सल रेंजफाइंडरवाले बघत नाहीत म्हणे. त्रेसष्ट फोटो. त्रेसष्ट काळेकुट्ट चौकोन.

तोवर जाळं किनाऱ्याला लागून रिकामंही होत आलं होतं. शेवटचा खोळ वर येतो, मासळी उन्हात एकदम पेटल्यासारखी चमकते, तो क्षण गेला. पुन्हा ये की पुढच्या रविवारी, असं म्हणणं सोपं आहे. आजोबाच म्हणाले, "रापणीक आता गावता काय? पर्ससीनवाले भायरच्या भायर खरवडून न्हेतत." (पर्ससीनवाले म्हणजे खोल पाण्यात मोठं जाळं वेढून मासळी उचलणाऱ्या यांत्रिक होड्या.) त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी दोन पाट्यांच्या वर मिळालं होतं. म्हणूनच सगळे हसत होते. ते हसणं मी झाकणाच्या आतल्या बाजूवर टिपलं.

हसणाऱ्या पोराने मात्र सगळं फोनवर घेतलं होतं, आडवं-उभं, वर गाणं लावून. जाळ्यावर पाय देऊन. त्याला कोणी विचारलं नाही झूम आहे का.

निघताना आजोबांनी पाटीतून मूठभर बांगडे उचलले. दोरीला हात लावणाऱ्याला काहीतरी द्यायची तिथली रीत. मी दोरीला हात लावला नव्हता, हे मी सांगितलंही.

"आसांदे. बायलेक दाखव. काय तरी गावला म्हणान."

घरी आल्यावर ते बांगडे ताटात मांडले, खिडकीचा उजेड छान पडला होता. कॅमेरा काढला, झाकण काढलं, दोनदा खात्री केली. चौकोनात बांगड्याला दोन डोळे दिसू लागले. रिंग टोकापर्यंत फिरवली, तरी ते एक होईनात. या लेन्सला सत्तर सेंटीमीटरच्या आतलं जमत नाही. स्टुलावर चढायला गेलो तर हिने विचारलं, मासे साफ करायचे आहेत की त्यांचं लग्न लावायचंय?

फोटो फोनवर काढला. चांगला आलाय.